मधली टीम

नाही ताई, असं तागडीत घालून सांगता येत नाही — माझ्या वडिलांची टीम मोठी की माझ्या लेकीची. तुमच्या पेपरला लागत असेल एक नंबर, दोन नंबर — लोक वाचतात चवीनं, कबूल — पण बाबांची टीम गवतावर हॉकी खेळली. ओबडधोबड गवत, चेंडू कधी उडून नडगीवर बसेल नेम नाही, आणि बाबा तो स्टिकला असा चिकटवून न्यायचे की समोरचा शोधतच राहायचा. सुवर्णपदक आणलं त्यांनी. लोकांना वाटलं, चला, जगात आपणही कुणीतरी आहोत! आता माझी लेक — ती टर्फवर खेळते, प्लॅस्टिकच्या गवतावर. पाणी मारलेलं, गुळगुळीत. चेंडू नुसता सुसाट येतो आणि ही गोलकीपर — डोळ्याचं पातं लवलं की खेळ खलास. दोघांना एकच माप लावणार कसं? आणि मधली टीम? — मधली हो, दोघांच्या मधली. ती तुम्ही घेतलेलीच नाही. घेत नाही कुणी. माझी टीम ती. मी सेंटर हाफ होतो — बघा, तुम्हालाही माहीत नव्हतं! मी त्यांचा मुलगा आणि हिचा बाप, मधलं सगळं कोरं.

शेवटून पहिले आलो आम्ही. का? अहो, टर्फ आम्ही पाहिलं तेच मुळी स्पर्धेला गेल्यावर! इथे सराव कशावर, तर गोदामातल्या सिमेंटच्या फरशीवर — ढोपरं सोलून निघायची, बाकी शिकलो काही नाही. तिकडे चेंडू आमच्या आधीच पोचायचा. गोल किती खाल्ले ते सोडा. पण खाल्ले कुणी, तर गोलकीपरनं — असं लोकांचं गणित. पुढचे आम्ही दहा जण काय तिकीट काढून बघायला गेलो होतो? कवाड म्हणायचो आम्ही त्याला. कवाड लागलं की लागलं, मुंगी आत जायची नाही — असा खेळायचा इथे. मग परतीची गाडी. प्रत्येक स्टेशनवर लोक जमलेले, त्याचं नाव घेऊन शिव्या, एकानं तर चप्पल फेकली खिडकीवर. जंक्शन आलं तेव्हा उठला, म्हणाला, "पाणी घेऊन येतो रे." मी म्हटलं, "माझी पण बाटली भर." हसला. बाटली घेतली, उतरला. गाडी सुटली — आम्हाला वाटलं, धावत मागच्या डब्यात चढला असेल. पॅड तसेच बाकावर पडलेले.

नाही, नाही आला. आजतागायत नाही. पोलीस झाले, इस्पितळं झाली — काही नाही. जिवंत आहे की नाही, तेही कळलं नाही.

आमच्या स्टेशनवर बाबा आले होते. लोक त्यांना टोचत होते — तुमची टीम असती तर? बाबा म्हणाले, "तर आम्हीही तोंडावर आपटलो असतो." सगळ्यांसमोर. आणि तिथंच एक मुलगी प्रत्येक डब्यात डोकावत चालली होती. "दादा? दादा?" — शेवटी मलाच सांगावं लागलं तिला. ... हो. तीच. आतल्या खोलीत आहे ना, तीच. लोक विचारतात, तुमचं कसं जमलं — काय सांगणार? त्याला शोधत दोघं वणवण फिरलो, तेवढ्यात जमलं.

हे लिहू नका हं. मी आपला बोलत सुटलो. तुम्ही आलात बाबांचा फोटो मागायला — न्या, तो न्या खुशाल. लेकीचा नका मागू आज. परवाची मॅच पाहिलीत ना? पायांमधून गेला चेंडू. जातो! बाबांच्या वेळी गेला असता, माझ्या वेळी तर रोज जायचा. पण आता शिव्या द्यायला स्टेशनवर यावं लागत नाही, थेट तिच्या फोनमध्ये येतात. लेकीनं पहिल्यांदा पॅड बांधले तेव्हा तिच्या आईनं कितीतरी दिवस अबोला धरला होता — सगळ्या मैदानावर तुला तीच जागा सापडली? मीच समजूत घातली, म्हटलं, अगं, दिवस बदलले.

काल फोन आला पोरीचा. परतीच्या गाडीत बसल्यात म्हणाली, जेवलेय म्हणाली. मग म्हणते, "बाबा, मामा कुठल्या स्टेशनवर उतरला होता?"

मी म्हटलं, का गं? तर म्हणे, सहज. असं सहज विचारतं का कुणी? सांगा ना — विचारतं? हिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "जंक्शनला खाली उतरायचं नाही. जागेवर बसून राहायचं. आम्ही तिथेच चढतोय तुझ्या डब्यात."

तर निघायचंय आम्हाला. जंक्शनपर्यंत आधी बस, मग फलाट शोधायचा, गाडी काय आमच्यासाठी थांबणार आहे? — पाणी? पाणी घेतलंय हिनं घरून, दोन बाटल्या.

ही आली बघा बाहेर. हिच्यासमोर हॉकीचं काही काढू नका. या तुम्ही.