नकाशातला सातवा झरा

बसस्टँडवर एक मुलगी भिंतीवरचा डोंगरांचा नकाशा वहीत उतरवत होती. मागच्या बाकावरचे आजी-आजोबा बोलायला लागले आणि तिची पेन्सिल थांबली.

"सहाव्या झऱ्यावर जाऊ गं. तिथलंही पाणी गंधकाचंच, गुडघ्यांना बरं."

"मला सातव्यावरच जायचंय. हा नकाशा तुम्हीच केलात ना? खिंडीत दाखवलाय की."

"तिथे झरा आहे की नाही, मलाच ठाऊक नाही. गुराख्याने लांबून बोट दाखवलं, मी ठिपका दिला. वर चढलोच नाही."

"का बरं?"

"त्या दिवशी चढलो असतो तर आपल्या लग्नाचा मुहूर्त चुकला असता."

"ठाऊक आहे. तुमची मोजणीची साखळी धरणाऱ्या गड्याने मांडवातच सांगितलं."

"मग दरवर्षी हट्ट कशाला?"

"तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. चला, सहाव्याची तिकिटं काढा. तो ठिपका मात्र खोडू नका. आपलं लग्न आहे तिथे."