ट्रंककॉलची नऊ मिनिटं

दवाखान्यात मी नंबराची वाट बघत होतो. शेजारचे आजोबा जुन्या काळावरचं एक पुस्तक पलीकडच्या अनोळखी आजींना वाचून दाखवत होते.

“‘तीन मिनिटं झाली की ऑपरेटर बाई ट्रंककॉल निर्दयपणे तोडायची.’ साफ खोटं लिहिलंय!”

“खोटंच! मी स्वतः वीस वर्षं ऑपरेटर होते.”

“मला एकीनं चांगली नऊ मिनिटं दिली होती. लग्नाचं विचारायचं होतं हो.”

“त्यातली सात तुम्ही हवापाण्यावर घालवलीत.”

“अं? तुम्हाला कसं ठाऊक?”

“मग कसंबसं विचारलंत आणि घाबरून फोनच ठेवलात! तिचं ‘हो’ मी एकटीनंच ऐकलं. म्हणून तर लाइन परत जोडून दिली.”

आजोबांनी औषधांच्या खिडकीकडे वळून हाक मारली, “अगं, औषधं राहू देत, आधी इकडे ये! आपलं लग्न जमवणाऱ्या बाई सापडल्या!”