विलायतेतला खांब आणि आपला बैलबाजार

आजच्या सभेचे अध्यक्ष श्रीमंत उत्तमरावजी देशमुख, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते वामनरावजी, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे आणि कामधंदा सोडून आलेल्या माझ्या बाजारकरी बंधूंनो,

वामनरावजी आता नागपुरास राहायला चालले. बाजार कमिटीचे प्रमुख म्हणून त्यांनी जे जे केले, त्याचे मूळ विलायतेतल्या विदरफोर्ड नावाच्या खेड्यात आहे. तिथे ते पंधरवडाभर राहिले; आपण मात्र ते खेडे दोन वर्षे ऐकतो आहोत. आधीच्या वक्त्यांनी त्याचे गुणगान केले, पण तपशिलात माती खाल्ली. मी इंग्रजी घरीच शिकलो, त्यामुळे ऐकीव गोष्ट विलायती पुस्तकांत पारखून घ्यायची खोड आहे. तिथल्या बाजारातला दगडी खांब पाचशे वर्षांचा नाही. चबुतरा तेवढा जुना. खांब राणीच्या ज्युबिलीत नवा बसवला. खाणावळीत राजा मुक्कामाला नव्हता. घोड्याचा नाल ठोकेपर्यंत थांबला होता. तेवढ्यावर भिंतीला पाटी! नाल ठोकायला थांबलेल्यांच्या पाट्या आपण लावू लागलो, तर भिंती कुठून आणायच्या? उरले बदकांचे एक डबके. संपली प्रेक्षणीय स्थळे.

राजाने बाजाराची सनद दिली, हे मात्र खरे. घंटा झाली की चबुतऱ्यावरून मेंढरांचा भाव पुकारायचा, ही तिथली रीत. वामनरावजींनी इथेही चबुतरा बांधून ती आपल्या बैलबाजारावर लादली. उपरण्याखाली एकमेकांची बोटे धरून गुपचूप भाव ठरवायचा, ही आपली जुनी रीत म्हणे रानटीपणा!

गेल्या बाजारी उकंडराव चबुतऱ्यावर चढले. लेकीच्या लग्नापायी बैलजोडी विकायची होती. भाव पुकारताच खालून कोणी ओरडला, "काऊन हो उकंडराव, बैलाच्या भावात हुंडाबी धरला काय?" सारा बाजार हसला. गिऱ्हाईक पुढे येईना. उकंडराव मान खाली घालून जोडी घरी घेऊन गेले.

बैलांचे व्यापारी युसूफभाई मला म्हणाले, "मी आता नांदुऱ्याच्या बाजाराले जातो, भाऊ. तिथं उपरन्याखाली मानसाची अब्रू झाकून राह्यते."

मग मी वामनरावजींनाच विचारले, "विदरफोर्डच्या बाजारात आज मेंढरे किती येतात?"

"छे हो! रेल्वे दुसऱ्या गावावरून गेली. बाजार कधीच मोडला. पण लोक खांब पाहायला लांबून येतात."

ऐकलेत? बाजार मोडला, खांब उभा आहे! आणि असल्या मोडक्या बाजाराचा कित्ता आपण गिरवायचा? कशासाठी?

असो. वामनरावजींना हार घालण्याचा मान कमिटीने मला दिला आहे. हार माझ्या हातात आहे. उद्या बाजार आहे. उकंडराव शेवटच्या रांगेत बसलेत. लग्न तोंडावर आले, आणि जोडी अजून दावणीलाच आहे. अध्यक्ष महाराज, वामनरावजींच्या जागी आता कमिटीचे प्रमुख आपण. उद्यापासून सौदा उपरण्याखाली होईल, एवढे या सभेत बोला. मग मी हार घालतो.

मला बोलू दिलेत, त्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. जिभेने कुठे मर्यादा ओलांडली असेल, तर थोरांनी ते पोटात घालावे. उत्तर येईपर्यंत मी इथे उभा आहे.