नारळाच्या शेंडीतली रोपं

(तामलवाडी. शेडनेटखाली, दिवेलागणीला, व्हिडिओ कॉलवर.)

शिवलीला : ...दिसतंय का आता? ट्रेमधनं रोप हळूच उपसलंय. मुळं बघा, शेवयावानी पांढरी!

मल्लेश : दिसतंय. पण ट्रेत मातीऐवजी भरायचं पीट कुठून आणलंस? मी पुण्याला आलो तेव्हाच गोण्या संपल्या होत्या.

शिवलीला : पीट न्हायच ह्यात.

मल्लेश : पीटशिवाय स्ट्रॉबेरीची रोपं? येडी का काय!

शिवलीला : तुळजापुरात देवळापाशी वीरप्पामामांचं नारळाचं दुकान हाय न्हवं, त्याच्यामागं शेंड्या पडत्यात. पोती भरून आणली एसटीनं. कुटून, चाळून भुसा केला. त्यात कुजलेलं सोयाबीनचं भुसकट अन् गांडूळखत. कंडक्टर म्हणला, ताई, एवढे नारळ कुणी फोडले? म्हणलं, नवऱ्याचा नवस हाय.

मल्लेश : (हसत) कसला नवस?

शिवलीला : तुमाला ठाऊक. रोपांची पहिली खेप मातर करपली. शेंडीतला खार धुवून काढावा लागतो, अन् आत्याबाई धुवू देईनात. देवीचा नारळ, मोरीच्या पाण्यात कसा बुडवायचा?

मल्लेश : आई ऐकणार नाहीच.

शिवलीला : म्हणलं, धुवायचं न्हाय, आंघोळ घालायची. मग सोताच बादल्या ओतायला लागल्या! आधी कोऱ्या चहावानी पाणी निघालं. पार नितळ व्हईस्तोवर घातली आंघोळ.

मल्लेश : कमाल आहे तुझी.

शिवलीला : ते पीट बाहेरदेशी दलदल उकरून काढत्यात म्हणं. ती भरायला हजारो वरसं लागत्यात. आपला शेंड्यांचा ढीग दर पुनवेला देवीच्या गर्दीनं भरतो. तुमी म्हणला हुता, पीट परवडंना म्हणून नर्सरी बंद. आता पीटच लागत न्हाय. अहो? आवाज गेला का?

मल्लेश : आहे.

शिवलीला : मग कधी येता?

मल्लेश : लीला, पीट खरंच परवडत नव्हतं. पण... मला इथं बरं वाटतंय. कंपनीनं कायम केलंय. मागच्या महिन्यात.

शिवलीला : मागच्या महिन्यात.

मल्लेश : सांगणारच होतो.

शिवलीला : म्हणून बोलणं पुण्याचं झालंय. मग आमाला नेता का?

मल्लेश : खोलीत चौघं राहतो गं. बघू पुढच्या साली. निकी कुठंय?

शिवलीला : हितंच, पीटच्या रिकाम्या गोणीवर झोपली. आता फोनलाच पप्पा म्हणती ती.

मल्लेश : ...रोपं अजून आईझाडाला जोडलेलीच दिसतात. मुळं धरली की मधला वेल कापायचा असतो.

शिवलीला : ठाऊक हाय. गेल्या साली तुमी कापत हुता, म्या ट्रे धरत हुते. म्हणून थांबले.

मल्लेश : किती थांबणार? काप तू.

शिवलीला : बरं. सकाळी कापते, ऊन चढायच्या आत. तुमी जेवून घ्या.