टाळी शेवटी वाजवायची असते

...आणि वर तो ट्रेंट मलाच म्हणतो, "सर, लोकांनीच ठरवलं ना!" लोकांनी? अहो, तुम्हाला सांगतो, या टोलेडो गावात मी जन्मभर बातमीदारी केली, तीन महापौरांना घाम फोडला, पण आपल्याच माणसांनी आपलंच रेडिओ स्टेशन असं टाळ्या वाजवून बुडवलेलं... आता बोला!

एके काळी इथे शास्त्रीय संगीताची दोन स्टेशनं होती. दोन! न्हाव्याच्या खुर्चीत मान खाली घालून मोझार्ट ऐकायचो आम्ही. मग एक गेलं, तिथे प्रवचनं आली. दुसरं दिवसभर वाजायचं ते फक्त संध्याकाळवर आलं, आणि त्या संध्याकाळीही एकटा एल्डन व्हिटकॉम. वर्षानुवर्षं तोच निवेदक, तोच खर्जातला आवाज. "आता... ऐकू या... ब्राम्स..." दोन शब्दांच्या मध्ये वाडग्यातलं सूप निवायचं! तर हा ट्रेंट, नवा मॅनेजर, म्हणतो संध्याकाळी फुटबॉलच्या गप्पा लावू. मी त्याच्या केबिनमध्ये भांडलो, पार्किंगमध्ये भांडलो. शेवटी कंटाळून म्हणाला, "बरं, सभा घेऊ. श्रोत्यांचा उत्साह दिसला, तर एल्डनचा कार्यक्रम राहील."

उत्साह ना? दाखवतो! दारोदार फिरून मी लुथरन चर्चचं तळघर गच्च भरवलं. कॉफी, लिंबाचा केक, काठ्या, वॉकर... एल्डन उठला. म्हणाला, "माझं म्हणणं चार भागांत मांडतो." पहिला भाग, त्याच्या आईचा रेडिओ. काय बोलला! थांबला. आणि मागून कडाडून टाळी!

कोण? तर डेलबर्ट. बर्फ हटवायची गाडी चालवतो, हिवाळाभर गाडीत एल्डनलाच ऐकतो, पण कॉन्सर्टला आयुष्यात गेलेला नाही. सगळं तळघर वळून त्याच्याकडे असं बघायला लागलं, जणू त्यानं केकवर पाय दिला. "श्श्श!" अहो, सिम्फनीचे चार भाग असले, तर चौथा संपून वाद्यवृंद चालवणाऱ्या कंडक्टरचे हात खाली येईपर्यंत टाळी नाही म्हणजे नाही! मध्ये खोका हवं तर. लहानपणापासून आईबापांनी चिमटे काढून शिकवलंय आम्हाला. डेलबर्ट बिचारा मटकन खाली बसला. आता बोला!

दुसरा भाग झाला. खोकले. तिसरा झाला. शेजारच्या मिसेस ओर्बानच्या डोळ्यांना धार, पण टाळी? छे! चौथ्यासाठी एल्डननं तोंड उघडलं आणि... आवाजच फुटेना हो. जन्मभर जो गावाशी बोलत आला, त्याचा आवाज फुटेना. तो तसाच खाली बसला. आणि आम्ही? आम्ही वाट बघतोय! चौथा भाग व्हायचाय ना!

ट्रेंट उठला, दोन्ही हात वर केले. "मित्रांनो, तुमची शांतता मला कळली. हा कार्यक्रम आपण बंद करतोय. आभार." आणि त्यानं हात खाली घेतले.

हात खाली आले हो! संपलं! सगळं तळघर ताडकन उभं, काय त्या टाळ्या, "ब्राव्हो! ब्राव्हो!" मिसेस ओर्बाननं तर वॉकर सोडला! एल्डनसाठी हो, सगळं एल्डनसाठी! आणि ट्रेंट छातीवर हात ठेवून वाकून वाकून म्हणतोय, "एवढा पाठिंबा? मला खरंच वाटलं नव्हतं!" आता बोला!

घरी येताना बायको म्हणाली, "रॉस्को, त्या डेलबर्टला पहिलं 'श्श' कोणी केलं रे?" मी म्हटलं, "मर्ना, नियम म्हणजे नियम!"

परवा मात्र डोकं फिरलं. लावला फोन त्या फुटबॉलवाल्यांना. तिथे म्हणे कोणीही मध्येच तोंड घालू शकतो. घातलं! ट्रेंटच्या सात पिढ्या काढल्या, थेट रेडिओवर. तो निवेदक पोरगा एवढा खूश, "आजोबा, काय तापता हो तुम्ही! दर गुरुवारी याल का?"

जातो आता दर गुरुवारी. काय करणार... संध्याकाळी घरी बसून रेडिओवर ऐकण्यासारखं काही लागतच नाही!