टर्बोला शेंगदाणा तेल

पुन्हा तेच सांगू? चहा पाजलात म्हणून सांगतो, मला हौस नाही.

पुतण्या प्रमोदने टर्बो गाडीला महागडा एअर फिल्टर आणला. मी म्हटलं, "कंपनीचा कागदी काय वाईट होता?"

"काका, हा धुता येतो. धुतलाय, वाळलाय, तेवढं तेल लावा. मांजरी गावात मुलगी बघायला जायचंय."

फिल्टरचं वेगळं तेल असतं, तेही जरासंच लावायचं, हे काही बोलला नाही. मी स्वयंपाकघरातलं शेंगदाण्याचं चोपडलं, भरपूर.

ते तेल इंजिनात ओढलं गेलं आणि स्वारगेटला गाडी आचके देत धूर सोडायला लागली. हवालदार खिडकीशी वाकला. "भजी तळताय का?"

"काका, मोडलं माझं लग्न!" प्रमोद किंचाळला.

मांजरीत मुलीची आई गाडी हुंगून खुदकन हसली. "घर खातंपितं दिसतंय!"

जमलं की लग्न! आता माझी माफी मागायची राहिलीय, ती फक्त प्रमोदने.