बोंडअळीचा रंग

दारव्ह्याच्या स्टँडवर माझ्या बाजूच्या बाकावर बहीण-भाऊ, मधात लॅपटॉप.

"ताई, चार वाजता दुकानाचं उद्घाटन हाय. मालक म्हणते, ॲपचा गुलाबी रंग बदलव, नाहीतर काम दुसऱ्याले देतो."

"कपाशीच्या बियाण्याच्या दुकानाले गुलाबी? येड्या, लोकाले बोंडअळीच दिसन ना! हिरवा कर."

"बेचाळीस पानं हायेत. सगळ्यावर हातानं टाकला."

"हातानं? अबे, ॲपचा मुख्य रंग एका जागी ठेवाचा. बाकी पानं कोडमधून त्यालेच विचारतात."

"असं विचारता येते?"

"पुण्यात कोर्स केला का नुसता चहा पेला?"

"पेंटरनं बोर्ड अर्ध्या घंट्यात हिरवा केला म्हणून मालक मले हासून राह्यला."

"पेंटरपाशी रंगाचा डब्बा एकच होता, बाबू. सरक तिकडं. दे लॅपटॉप."